बाकावरच्या बाईबद्दल जे लिहिले गेले

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या बोलण्यात थोडी चिडचिड जाणवेल, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या अंगावरून वर्षानुवर्षे शब्द गेले आणि ज्याला त्यातला एकही बदलता आला नाही, त्याने चिडू नये तर काय करावे? आपल्या भाषेत कळ दाबतात, कळ सोसतात आणि कळ लावतातही. माझ्या वाट्याला तिन्ही आल्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. मी पट्ट्यावरून पुढे सरकत होतो आणि दोन्ही बाजूंना बसलेली माणसे माझ्यावर एकेक तुकडा बसवत होती. शेवटी एका बाईने माझी प्रत्येक कळ दाबून पाहिली. ती खाली जाते का आणि तितक्याच सहज वर येते का, एवढेच तिला बघायचे होते. "हा चांगला आहे," असे तिने शेजारणीला सांगितले आणि मला खोक्यात घातले.

ते खोके उघडले एका चष्म्याच्या दुकानात. दुकान छोटे, पण नीटनेटके. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा मांडलेल्या, कोपऱ्यात भिंगे घासायचे यंत्र, आणि पडद्याआड एक अरुंद खोली. त्या खोलीत उंच खुर्ची आणि समोर अक्षरांचा तक्ता होता. माझी जागा गल्ल्याशेजारी, बारीक स्क्रूंची डबी आणि मखमली फडके यांच्या मधोमध. दुकानाच्या मालकाला सगळे चष्मेवाला म्हणत. फक्त त्याची मोठी बहीण त्याला बारक्या म्हणे. तो तिला ताई म्हणे, म्हणून मीही तिला ताईच म्हणतो.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. माझ्यावर लोकांची नावे लिहिली जात, उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्या डोळ्याचा नंबर, फ्रेमचा रंग. चष्मेवाल्याच्या अंगात घाई नव्हती. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एक भिंग धरायचा, मग दुसरे, आणि विचारायचा, "आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?" समोरचा गोंधळला की पुन्हा विचारायचा. एखादा ड्रायव्हर नोकरी जाईल या भीतीने सगळे स्पष्ट दिसते असे दडपून सांगायचा. चष्मेवाला त्यालाही न दुखवता म्हणायचा, "घाई नाही. परत बघा." मग बाहेर येऊन तो माझ्यावर नंबर टिपून घ्यायचा. त्याची बोटे स्वच्छ असत. मला तो दर शनिवारी त्याच मखमली फडक्याने पुसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "कळा बघा याच्या, लोण्यासारख्या चालतात." मी फुगून जायचो.

पुढे दुकानात इंटरनेट आले. ते आले होते नव्या फ्रेमांची चित्रे बघायला. एका दुपारी दुकान रिकामे होते आणि चष्मेवाला बातम्या वाचत बसला होता. बसचे भाडे वाढल्याची बातमी होती आणि तिच्याखाली अनोळखी लोक एकमेकांशी बोलत होते. त्याने 'स्वच्छ नजर' असे नाव घेतले आणि सावकाश लिहिले: "भाडं वाढलं की म्हातारी माणसं डोळे दाखवायला येणं पुढे ढकलतात. हे मी रोज बघतो." बरोबरच होते ते. लिहिता लिहिता त्याने तीनचारदा खोडले, शब्द बदलले आणि मगच पाठवले.

संगणकाच्या पडद्याचे तोंड माणसाकडे असते, त्यामुळे त्यावर काय उमटते ते मला दिसत नाही. पण चष्मेवाल्याला मोठ्याने वाचायची सवय होती. 'रोखठोक' नावाच्या कुणीतरी उत्तर दिले होते: "तुम्हाला अर्थशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही."

चष्मेवाला हसला आणि चहा प्यायला. कप खाली ठेवला आणि पुन्हा हसला, पण आता जरा कमी. मग त्याने माझ्यावर हात ठेवले. मित्रांनो, त्यानंतर ते हात उचलले जायला काही वर्षे लागली.

पुढे काय काय विषय आले म्हणून सांगू. पदपथावरच्या विक्रेत्यांना हटवावे की नाही. तेल महाग का झाले. निवडणुकीत कोण खोटे बोलले, आणि त्याहून जास्त खोटे कोण बोलले. शाळांचे शुल्क, घरांची भाडी, कांद्याचे भाव. समोर माणसेही तीच ती असायची. रोखठोक होता. 'जागरूक' नावाचा एक होता, तो कधीच मूळ मुद्द्यावर येत नसे. 'दोनच शब्द' नावाचा एक होता आणि तो पानेच्या पाने लिहायचा. यांपैकी एकाचाही चेहरा चष्मेवाल्याने पाहिला नव्हता, पण जेवताना तो त्यांच्याबद्दल असे बोले की जणू सगळे एकाच जिन्यावर राहतात.

यात मला एक गोष्ट लवकर कळली. माझी खोडायची कळ पूर्वी सर्वांत जास्त राबायची. हळूहळू तिला आराम मिळू लागला. लिहिलेले परत वाचणे, एखादा शब्द सौम्य करणे हे सगळे थांबले. उलट पाठवायच्या कळेवर एवढे जोराचे ठोसे बसू लागले की तिच्यावरचे चिन्ह पार पुसून गेले.

गिऱ्हाइके ताटकळू लागली. एकदा एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवून, एक डोळा झाकून चष्मेवाला "आलोच" म्हणून बाहेर आला. जागरूकने काहीतरी लिहिले होते, त्याला उत्तर देणे भाग होते. उत्तराला उत्तर आले, त्याला पुन्हा उत्तर. शेवटी बाई तशाच फ्रेम लावून चाचपडत गल्ल्यापाशी आल्या.

"अहो, माझा डावा डोळा अजून झाकलेलाच आहे," त्या म्हणाल्या.

"हो हो, झालंच," चष्मेवाला म्हणाला. "तुम्हीच सांगा बाई, माणसाने इतकं आडमुठं असावं का?"

"कोणी?" बाईंनी विचारले.

आता ताईबद्दल सांगतो. ताई एकटी राहायची, दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. बिस्किटांच्या कारखान्यात ती पॅकिंग विभागात लागली होती आणि वाढत वाढत तिथली मुकादम झाली होती. बोलणे मोजके, आवाज खणखणीत. कामावरून परतताना ती दुकानात डोकवायची, तुटक्या बिस्किटांची पिशवी गल्ल्यावर ठेवायची आणि निघून जायची. चुरा माझ्या कळांमध्ये पडायचा, पण तिच्यावर मी कधी रागावलो नाही.

एका संध्याकाळी ती पिशवीशिवाय आली.

"विभाग बंद झाला," ती म्हणाली. "नवीन यंत्र आलंय. बघू काहीतरी."

चष्मेवाल्याचे हात माझ्यावरच होते. "बघ, मी केव्हापासून म्हणतोय," तो म्हणाला. "या धोरणांचं हेच होणार होतं. थांब, हे रोखठोकला सांगतो." आणि तो पडद्याकडे वळला. ताईने कपाटातली एक फ्रेम उचलून सरळ केली, परत ठेवली आणि ती निघून गेली.

काही दिवसांनी चष्मेवाला बसने भिंगे आणायला गेला होता. खिडकीतून त्याला ताई दिसली. मोठ्या दवाखान्याच्या आवारात एका बाकावर ती बसली होती आणि मांडीवर डबा होता. कामाला निघावे तशी नेसलेली, केस नीट बांधलेले. बस पुढे गेली. दुकानात आल्यावर "ताईच होती ती," असे तो स्वतःशीच पुटपुटत राहिला. त्याला वाईट वाटले होते, मनापासून वाटले होते. यात मी त्याच्यावर अन्याय करणार नाही.

पण दोन गल्ल्या चालत जाऊन त्याने तिला विचारले का? नाही. त्या दिवशी काम गेलेल्यांना सरकारने भत्ता द्यावा की देऊ नये यावर जुंपली होती. रोखठोकचे म्हणणे होते की भत्ता दिला की माणसे आळशी होतात. चष्मेवाल्याने बाह्या सरसावल्या. बोटे अशी धावत होती की कळा एकमेकींत अडकत होत्या. खोडायच्या कळेला त्याने एकदाही हात लावला नाही.

त्याने लिहिले: "मी एका बाईला ओळखतो. बिस्किटांच्या कारखान्यात ती पॅकिंगची मुकादम होती. यंत्र आलं, तिला काढलं. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ती रोज सकाळी डबा भरून घराबाहेर पडते आणि मोठ्या दवाखान्याच्या बाकावर दिवसभर एकटी बसून राहते. डबा तिथेच खाते आणि संध्याकाळी कामावरून आल्यासारखी घरी जाते. सांगा तिला आळशी."

तो मजकूर वणव्यासारखा पसरला. त्या दिवशी चष्मेवाला मोठमोठ्याने उत्तरे वाचत होता आणि त्याचा चेहरा उजळला होता. रोखठोक गप्प झाला होता. अनोळखी लोक लिहीत होते की वाचून डोळ्यांत पाणी आले. मग दुसऱ्या बाजूचेही आले. ती बाई खोटारडी आहे, घरच्यांना फसवते, असे एकाने लिहिले. दवाखान्यातली जागा अडवते, असे दुसऱ्याने. दोनच शब्दने पाचदहा परिच्छेदांत सिद्ध केले की दोष बाकाचा आहे. आठवड्याभरात तिला नावच पडले, 'बाकावरची बाई'. जो तो तिला आपल्या बाजूने ओढू लागला. चष्मेवाल्याने तिचे नाव कुठेही लिहिले नव्हते, आणि तेवढ्यावर त्याचे समाधान होते. पण कारखाना, काम, दवाखाना, बाक, डबा, एवढे सांगितल्यावर नावाची गरज कुणाला उरते?

ताईचा फोन फक्त बोलण्यापुरता होता. तिला यातले काहीच माहीत नव्हते.

ती दुकानात आली तेव्हा दुपार होती. एक गिऱ्हाईक फ्रेमा बघत होते. ते जाईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. मग तिने विचारले, "बारक्या, ते बाकाचं तू लिहिलंस?"

चष्मेवाला एकदम उभा राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"दवाखान्याच्या रखवालदाराने. काल मला म्हणाला, बसा हो बाई, मी वाचलंय तुमच्याबद्दल. स्वतःची खुर्ची देत होता." ती स्टुलावरून उठली. "ते जाऊ दे. आज मला औषधांच्या कारखान्यात मुलाखतीला बोलावलं होतं. पाकिटं भरायचं काम. माझंच काम. साहेबांनी सगळं विचारलं, सगळं जमलं. आणि मग म्हणाले, तुम्हीच त्या बाकावरच्या ना? आधी जरा सावरा, मग या. किती गोड बोलले. माझ्याकडे असे बघत होते, जणू मी तिथेच रडायला लागणार आहे."

"ताई, मी तुझ्या बाजूने लिहिलं होतं."

"कळलं. पण मी तिथे का बसते, हे तुला कोणी सांगितलं?"

चष्मेवाल्याने गल्ल्यावरचे मखमली फडके हातात घेतले.

"माझ्या विभागातली एक मैत्रीण तिथे येते," ताई म्हणाली. "तिची मूत्रपिंडं गेलीत. एक दिवसाआड तिला यंत्रावर ठेवतात. घरचं कोणी येत नाही. तिचा डबा मी नेते. ती आत असते तोवर बाहेर बसते. शेजाऱ्यांपासून मी काय लपवणार? माझं काम गेलं हे अख्ख्या जिन्याला पहिल्याच दिवशी माहीत झालं, मीच सांगितलं."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दहादा विचारतोस, बरं दिसतंय का, बरं दिसतंय का. मला एकदा विचारलं असतंस."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. चष्मेवाला मखमली फडक्याची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता.

"मग भत्ता..." त्याने चाचरत विचारले. "तो तरी मिळायला हवा की नको?"

मला वाटले आता ही काहीतरी फेकून मारते. पण ताई शांतपणे म्हणाली, "मिळाला तर घेईन की. कोण नको म्हणेल? पण तेवढ्यासाठी मला रडवायची काय गरज होती? सरक आता. मला बसू दे."

ती माझ्यासमोर बसली. खोक्यांवरचे क्रमांक यंत्रात भरायची तिला सवय असावी, कारण आकड्यांच्या रांगेवरून तिचा हात झर्रकन फिरला. अक्षरे मात्र ती एका बोटाने शोधत होती. भावाचे नाव न वापरता तिने वेगळे नाव घेतले आणि सावकाश, पण एकही कळ वाया न घालवता लिहिले: "बाकावरची बाई मीच. मी लपत नाही. आजारी मैत्रिणीसोबत असते. डबा तिचा आहे. मला काम येतं आणि काम हवं आहे. माझ्याबद्दल बोलणं आता थांबवा." पाठवायची कळ तिने हलक्या हाताने दाबली. मला ती शेडमधली बाई आठवली.

उत्तरे यायला वेळ लागला नाही. चष्मेवाल्याने वाचायला सुरुवात केली आणि त्याचा आवाज उतरत गेला.

"तू कुठली बाकावरची बाई, आम्हाला काय दूधखुळे समजलीस?" हे जागरूकचे. "खऱ्या बाईची थट्टा करायला लाज वाटत नाही?" हे कुणा नव्याचे. ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते सगळ्यांत जास्त चिडले होते. आणि रोखठोकने लिहिले होते, "आधीची गोष्ट जास्त खरी वाटत होती."

ताईने ते परत वाचायला लावले. मग ती हसली. ते हसणे ऐकवत नव्हते.

"मीच खोटी," ती म्हणाली. "छान." आणि पिशवी उचलून निघून गेली.

चष्मेवाल्याने तेव्हा तरी थांबायचे होते. पण नाही. त्याने आपला मूळ मजकूर काढून टाकला, तर त्याच्या प्रती दुसरे लोक नाचवू लागले. माझ्या खोडायच्या कळेला इतक्या काळाने काम मिळाले आणि तिच्या हातात काहीच उरले नव्हते. मग त्याने खरे काय ते लिहिले: ती माझी बहीण आहे, मी नुसता अंदाज केला होता, चूक माझी आहे. त्यावर एकाने विचारले, "दबाव आला वाटतं?" दुसरा म्हणाला, "किती मिळाले?" दोनच शब्दने चष्मेवाल्याला बहीणच नाही असे सप्रमाण दाखवून दिले. चष्मेवाल्याने दोन्ही मुठी माझ्यावर आपटल्या. माझी लांब कळ मधोमध तडकली. मित्रांनो, मला ते दुखले त्यापेक्षा, दर शनिवारी मला पुसणाऱ्या हातांनीच ते केले, हे जास्त जड गेले. त्याने माझी वायर खेचून काढली आणि मला मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांवर ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी तो औषधांच्या कारखान्यात जाऊन आला. साहेबांना त्याने सगळे सांगितले. साहेबांनी ऐकून घेतले, चहा दिला आणि म्हणाले, जागा भरली.

गल्ल्यावर आता नवा कीबोर्ड आहे. त्याच्यावर नावे आणि नंबर लिहिले जातात. चष्मेवाला पूर्ण सुधारला असे मी सांगितले तर ते खोटे होईल. अधूनमधून बाहेरून ती ओळखीची धडधड ऐकू येते आणि माझा जीव वर-खाली होतो. पण मग मधेच ती थांबते, आणि नव्याची खोडायची कळ बराच वेळ वाजत राहते.

ताई पुष्कळ दिवस फिरकली नाही. पुढे तिला एका मोठ्या धुलाईखान्यात काम मिळाले, दोन बस बदलून जावे लागते असे. एका सुटीच्या दिवशी तिच्या चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून ती आली. पुढे गर्दी होती, म्हणून मागच्या खोलीत येऊन बसली. गर्दी ओसरल्यावर चष्मेवाला आत आला. दांडी घट्ट करून त्याने चष्मा तिच्या हातात दिला आणि एका खोक्यावर टेकला.

"तुझ्या मैत्रिणीचं नाव काय?" त्याने विचारले.

ताईने चष्मा लावून त्याच्याकडे पाहिले. "आता कशाला?"

"माहीत नाही म्हणून."

ताईने नाव सांगितले. मग बोलू लागली तेव्हा थांबेना. मैत्रीण सुईला कशी घाबरते, बिनमिठाच्या जेवणाला कशा शिव्या घालते, आणि दोघी मिळून कारखान्यातल्या त्या नव्या यंत्राची कशी टिंगल करतात. "आम्ही तुटकं बिस्कीट नुसत्या हाताने ओळखायचो," ताई सांगत होती. "हे यंत्र तुटक्यासकट बांधून टाकतं."

"म्हणजे हेच तर मी तिकडे..." चष्मेवाला उसळून म्हणाला आणि थबकला. ताईने भुवई उंचावली होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

"बोल," तो म्हणाला. "तू बोल पुढे."

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. माझी धूळ पुसा, मला उन्हात ठेवू नका, असे मी म्हणणार नाही. माझे आता काय बिघडायचे राहिले आहे? वादही जरूर घाला. बसभाडे, पगार, सरकार यांवर सगळेच गप्प बसले तर तेही बरे नाही. पण ज्या माणसाला तुम्ही पुरावा म्हणून पुढे करणार आहात, ते माणूस जर दोन गल्ल्या पलीकडे राहत असेल, तर आधी उठा, चपला घाला आणि त्याच्याकडे जा. त्याला विचारा. ते सांगेल ते सगळे ऐकून घ्या. त्यानंतरही लिहावेसे वाटले, तर आम्ही कीबोर्ड कुठे पळून जात नाही.